बरणीच्या आतली बरणी

गॅलरीची इमारत पूर्वी नळाच्या तोट्या बनवणारा कारखाना होती. अंधेरीच्या एमआयडीसीत असे बंद पडलेले कारखाने बरेच आहेत. काहींची गोदामं झाली, काहींची कॉल सेंटरं झाली, याची आर्ट गॅलरी झाली. छताजवळ क्रेनचा रूळ अजून तसाच होता, फक्त त्याला पांढरा रंग मारला होता. मी मागच्याच गल्लीत एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे ही इमारत रोज बाहेरून दिसायची. आत मी पहिल्यांदाच गेलो, तेही वहिनीला घेऊन.

वहिनी म्हणजे सुलक्षणा, माझ्या दादाची बायको. दीड महिन्यापूर्वी तिला मुलगी झाली, ती मृतच जन्मली. शेवटच्या आठवड्यात पोटातली हालचाल थांबली, सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, मग कळा आणून बाळंतपण केलं. डॉक्टरांना कारण सांगता आलं नाही. मी नंतर त्यावरचे शोधनिबंध काढून वाचले. कारण सापडत नाही अशा केसेस बऱ्याच असतात, हे त्यात नीट आकृत्यांसह लिहिलं होतं.

ती जन्मली त्याच संध्याकाळी दादा, मी आणि वहिनीचा मामा, असे तिघे जाऊन बाळाला पुरून आलो. एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत. आमच्यात बायका स्मशानात येत नाहीत, आणि मूल असं गेलं तर त्याच्या आईला जागा सांगतही नाहीत. वहिनीने घरी आल्यावर दादाला विचारलं, "कुठे ठेवलंत तिला?" दादा म्हणाला, "नीट आठवत नाही." मग तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत आईने मला स्वयंपाकघरात हाक मारली.

आईचं माहेर मालवणकडचं. इतकी वर्षं चारकोपला राहूनही महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ती मालवणीवरच येते. "तिका सांगू नको हां, सिद्धू," ती म्हणाली. "जागो कळलो की जीव थंयच अडाकतलो तिचो. माझी शपथ आसा तुका."

"अगं पण आई, तिचं बाळ होतं. तिला माहीत असायला नको?"

"माका तरी खंय म्हायत आसा?" आई तांदूळ धूत होती. "जगलंय मां मी?"

दादानंतर आणि माझ्याआधी आईला एक मूल होऊन गेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी आणखी काही विचारणार होतो, पण तिने कुकरचं झाकण लावलं.

त्यानंतर घरात कुणी रडलं नाही. टीव्ही चालू असायचा. वहिनीच्या माहेरून बाळंतपणासाठी आधीच करून ठेवलेले डिंकाचे लाडू आले होते, त्यातला एक आई रोज तिच्या ताटात ठेवायची आणि ती तो मुकाट्याने खायची. मीही नेहमीसारखा कामावर जात होतो. रंगाचे नमुने, चिकटपणा, वाळायला लागणारा वेळ, सगळं बरोबर मोजत होतो. मला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, आणि दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतल्यावर आपण गालाला हात लावून बघतो तसं मी ते अधूनमधून तपासूनही बघत होतो.

वहिनीची एकच गोष्ट वेगळी होती. ती कपाटं उघडायची, कपड्यांच्या घड्या उचलायची, परत ठेवायची. तिच्या आईने स्वतःच्या जुन्या मऊ साडीचं एक टोपडं शिवून दिलं होतं, पिवळं, कानावर बंद असलेलं. ते सापडत नव्हतं. आई म्हणाली, "देऊन टाकलं असेल कुणाला तरी." तरीही वहिनीने शोधणं थांबवलं नाही.

अशात संघमित्राचा मेसेज आला. ती माझ्याबरोबर एम.एस्सी.ला होती. मी रंगाच्या कंपनीत गेलो, ती जुन्या वस्तूंचं जतन करण्याच्या कामात शिरली, आणि आता या गॅलरीत आलेल्या लोकांना माहिती सांगायचंही काम करत होती. 'कोरियाची पारंपरिक चित्रं आणि मातीची भांडी आलीयेत. ग्लेझ बघायला ये, वेडा होशील.' मी तो मेसेज जेवताना सहज वाचून दाखवला. दादा ताटातून वर न बघता म्हणाला, "हिला घेऊन जा. डॉक्टर म्हणाल्यात बाहेर काढा म्हणून. तुला असलं कळतं."

"तू पण चल ना."

"शनिवारी काम आहे मला."

त्याला शनिवारी सुट्टी असते. वहिनी आपलं ताट उचलून आत गेली. शनिवारी दुपारी ती पंजाबी ड्रेस घालून दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मला कळलं की ती येतेय.

मेट्रोत ती खिडकीबाहेर बघत होती. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "मातीची भांडी बघायला तिकीट लागतं?"

"नाही, फुकट आहे."

"मग ठीक आहे."

गॅलरीच्या फाटकाशी मात्र ती थांबली. रखवालदार पर्स तपासत होता, आमच्यापुढे चार-पाच जण होते.

"सिद्धू, आईंनी तुला शपथ घातलीय ना?"

मी हो म्हटलं.

"वाटलंच मला. नाहीतर तू एव्हाना बोलला असतास." तिने पर्सची चेन उघडून ठेवली. "मी विचारत नाहीये आत्ता. फक्त सांगते. पुढच्या महिन्यात माझी रजा संपते. ऑफिसात निम्म्या लोकांना अजून माहीतच नाहीये. ते विचारणार, बाळ कुठाय? मी त्यांना काय सांगायचं ते सांगेन रे. पण मला स्वतःला तरी माहीत हवं ना, कुठाय ते."

रखवालदाराने पर्समध्ये बॅटरी मारून बघितलं आणि आम्हाला आत सोडलं.

आत एसी फार थंड होता. पहिल्या काचेच्या पेटीत एक हिरवट वाडगा होता, कच्च्या कैरीच्या सालीपेक्षा फिका, किंचित निळसर. मला बोलायला विषय मिळाला. मी वहिनीला सांगितलं की हा रंग लोखंडाचा आहे. भट्टीत हवा भरपूर असती तर हेच लोखंड पिवळट, तपकिरी दिसलं असतं. हवा कमी पाडली की असा हिरवा रंग येतो. वाडग्याच्या आत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं होतं. वहिनी वाकून ते बघत होती.

"फुटलाय का हा?"

"नाही गं. थंड होताना वरचा काचेचा थर मातीपेक्षा जास्त आकसतो, म्हणून त्याला तडे जातात. आतली माती भाजून घट्ट झालेली असते. पाणी घातलंस तरी गळणार नाही."

"असं होय," ती म्हणाली, आणि पुढे सरकली.

पुढच्या भिंतीवर कागदावरची चित्रं होती. एकात पाइनच्या झाडाखाली वाघ बसला होता आणि फांदीवर एक काळापांढरा पक्षी. वाघाचे डोळे एकमेकांकडे वळलेले, शेपटी भलतीच लांब. एका कुटुंबातली दोन पोरं त्याच्याकडे बोट दाखवून हसत होती. "मम्मी, हा तर आपल्या बिल्डिंगच्या बोक्यासारखा आहे!" त्यांच्या आईने त्यांना दटावलं आणि मग स्वतःच हसली. वहिनी त्या चित्रापाशी बराच वेळ उभी होती.

"कुणालाच सावली नाहीये," ती म्हणाली.

मी मागे जाऊन आधीची चित्रं पुन्हा बघितली. तिचं बरोबर होतं. झाडाला, वाघाला, पक्ष्याला, कशालाच सावली नव्हती. दीड महिन्यात तिने स्वतःहून काही टिपलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला बरं वाटायला हवं होतं. मी नुसती नोंद घेतली.

मग भांड्यांचं दुसरं दालन लागलं. तिथे आधी मोठे तपकिरी रांजण होते, कमरेएवढे. लोणचं आणि सोयाबीनचं वाटण आंबवायला कोरियात ते अंगणात ठेवतात, असं पाटीवर लिहिलं होतं. त्यांच्यानंतर एका वेगळ्या पेटीत दोन पांढऱ्याशुभ्र बरण्या होत्या, एक मोठी, एक छोटी, दोन्हींना घुमटासारखी झाकणं. मागे एक आकृती काढून दाखवलं होतं की छोटी बरणी मोठीच्या आत बसते. दोन्हींच्या खांद्यावर आणि झाकणांवर मातीच्या चार-चार कड्या होत्या. पाटीपुढे एक कॉलेजची मुलगी मोबाइल धरून उभी होती, त्यामुळे आम्हाला ती वाचता येत नव्हती.

"ही आपल्यासारखीच की, लोणच्याची," वहिनी म्हणाली. "चिनी मातीची बरणी. कड्या बघ. दादरा बांधायला असणार."

"कडीतून दोरी ओवली की फडकं घसरणार नाही," मी म्हणालो. "चांगली कल्पना आहे."

"पण बरणीत बरणी कशाला?"

"हवा लागू नये म्हणून? दोन झाकणं असली की दमट हवा कमी शिरेल."

"छे. मुंग्या." तिने ठामपणे मान हलवली. "आतली साखरेची असणार. नाहीतर गुळाची. आई नाही का साखरेचा डबा पाण्याच्या ताटात ठेवत? तसंच. आईंना दाखवायला हवी ही. गेल्या वर्षी माझ्यावर ओरडल्या होत्या मुंग्या लागल्या म्हणून." ती जवळजवळ हसली. "फोटो काढ रे."

मी फोटो काढत होतो तेवढ्यात मागून पाठीवर थाप पडली.

"काय सिद्ध्या! आलास शेवटी." संघमित्रा होती. काळा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र, हातात छोटी बॅटरी. "आणि या कोण?"

"माझी वहिनी, सुलक्षणा. वहिनी, ही संघमित्रा. लॅबमध्ये माझी निम्मी जर्नलं हिनेच लिहिली."

"निम्मी? सगळी म्हण. वहिनी, याच्या हातून ब्युरेट किती वेळा फुटली विचारा याला." तिने बरण्यांकडे बघितलं. "काय, कशी वाटली ही जोडी? माझी सगळ्यात आवडती आहे."

"लोणच्याच्या आहेत ना?" वहिनीने विचारलं.

"सगळेच असं म्हणतात! काल एक आजी मला विचारत होत्या, विकत मिळेल का." संघमित्रा हसली. "नाही वहिनी. या नाळेच्या बरण्या आहेत."

मी तिच्याकडे बघून मान हलवली. तिने पाहिलं नाही. तिने बॅटरी लावून बरणीवर धरली होती.

"कोरियाच्या राजघराण्यात मूल जन्मलं की त्याची नाळ आणि वार टाकून द्यायचे नाहीत. पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे. या आतल्या बरणीत तळाला एक नाणं ठेवून वर ती ठेवायची. मग तोंड कागदाने, कापडाने बंद करायचं आणि ही बरणी मोठ्या बरणीत. मधल्या जागेत कापूस. या कड्यांतून दोरी ओवून झाकण घट्ट बांधायचे. आणि मग…"

"संघमित्रा, ते रांजण कसे भाजतात ते सांग ना," मी म्हणालो.

"थांब रे, सांगते. आणि मग…"

"पुरायचे," वहिनी म्हणाली.

"हो! तुम्हाला माहीत आहे?"

"आमच्याकडेही पुरतात. माझी नाळ गावाला आहे, देवगडजवळ. गोठ्याच्या मागे." वहिनीचा आवाज अगदी साधा होता, पत्ता सांगताना असतो तसा. "हे लोक कुठे पुरायचे?"

"त्यासाठी टेकडी निवडायचे. राजाची माणसं हिंडून चांगली टेकडी शोधायची. तिच्या माथ्यावर खड्डा करून बरणी ठेवायची आणि सोबत एक दगडी पाटी. पाटीवर जन्मतारीख कोरलेली."

"तारीख?"

"हो. कुणाचं मूल, कधी जन्मलं, कधी पुरलं. ही बरणी नवीन आहे, तिथल्या कुंभाराने जुन्यासारखी बनवलेली. पण पाटीचा ठसा बघा, तो खऱ्या पाटीवरून घेतलाय."

वहिनीने तो ठसा बघितला. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं होती. आम्हा तिघांनाही ती वाचता येत नव्हती.

"आणि जागा मागाहून सापडायची कशी? इतक्या टेकड्यांत?"

"ते तर खरं बघण्यासारखं आहे. या इकडे."

मी मागून चालत गेलो. त्या क्षणी फायर अलार्म वाजला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि छतावर धुराचे सेन्सर कुठे कुठे आहेत ते मी बघून घेतलं.

शेवटच्या भिंतीवर एक उभं चित्र होतं, माझ्या उंचीचं. शाईने काढलेले डोंगर, त्यावर फिका हिरवा, फिका निळा रंग. डोंगर चारी बाजूंनी एका टेकडीभोवती जमले होते. खालचे डोंगर उलटे, म्हणजे शेंडे खाली करून काढले होते, कारण चित्रकाराने मधल्या टेकडीवर उभं राहून चहूकडे बघितल्यासारखं सगळं मांडलं होतं. टेकडीच्या माथ्यावर एवढंसं दगडी बांधकाम आणि शेजारी कासवाच्या पाठीवर उभी केलेली शिळा. मला आधी ते नेहमीचं निसर्गचित्र वाटलं.

"हे निसर्गचित्र नाहीये," संघमित्रा म्हणाली. "नाळ कुठे पुरलीय त्या जागेचं चित्र आहे हे. राजाने चित्रकाराला पाठवून काढून घेतलं. ओढा कुठे, वाट कुठून, देऊळ कुठे, सगळं. आणि मग राजवाड्यात आणून ठेवलं. मूळ चित्र तिकडेच आहे, ही आत्ताच्या एका चित्रकाराने केलेली नक्कल."

वहिनी चित्राच्या अगदी जवळ गेली. तिने हात मागे बांधले होते, शाळेच्या सहलीत मुलांना सांगतात तसे. पायवाटेची बारीक रेघ तळापासून वर जात होती. तिची नजर त्या रेघेवरून वर गेली, टेकडीवर थांबली, परत खाली आली, परत वर गेली.

"बघ ना सिद्धू," ती म्हणाली. "नुसती नाळ होती ती. मूल घरात खेळत असेल. तरी त्यांना वाटलं, जागा माहीत असावी. माणूस पाठवून चित्र काढून आणलं." ती वळली. "माझी तर अख्खी मुलगी आहे. तीन माणसांना जागा माहीत आहे आणि एकही बोलत नाही."

संघमित्राने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"दीड महिना झाला," वहिनी तिला म्हणाली. "मृत जन्मली. तुला माहीत नव्हतं, तू वाईट वाटून घेऊ नकोस."

संघमित्राच्या हातातली बॅटरी अजून चालू होती, तिचा प्रकाश फरशीवर पडला होता. तिने ती बंद केली. "सॉरी वहिनी," ती म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत आहे जागा?"

"हो."

"मग सांग ना रे."

"आईने शपथ घातलीय."

"शपथ?" तिचा आवाज चढला, दोन माणसं वळून बघायला लागली. "तुला? एम.एस्सी. केमिस्ट्री ना तू? शपथ मोडली तर काय होणार, आई आजारी पडणार? काय यंत्रणा आहे त्याची, सांग मला."

"त्याला सोड गं," वहिनी म्हणाली. "त्याची आई आहे ती."

मी शपथेला घाबरत नव्हतो, हे मला तिथे उभा असताना कळलं. सांगायला लागलो तर त्या संध्याकाळचं सगळं क्रमाने सांगावं लागेल, आणि क्रमाने सांगितलं की ते घडलेलं ठरेल, एवढंच होतं. मी त्या चित्रातली मधली टेकडी बघत राहिलो. तिचं एकेक झाड काढलेलं होतं. ज्याने काढलं तो तिथे जाऊन उभा राहिला होता.

"बाहेर चल," मी वहिनीला म्हणालो.

संघमित्रा दारापर्यंत आली. तिने वहिनीचा हात धरला, मग सोडला, आणि माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. शनिवार असल्यामुळे एमआयडीसी निम्मी बंद होती, बाकड्यावर आम्ही दोघंच होतो. मी दोन कटिंग सांगितले.

"विचार," मी म्हणालो.

मला वाटलं ती पहिल्यांदा जागाच विचारेल. तिने विचारलं, "तिला कुणी घेतलं होतं?"

"मी. रिक्षात दादाचे हात थरथरत होते, म्हणून माझ्याकडे दिलं."

"अंगावर काय होतं?"

"पांढरं कापड, हॉस्पिटलने दिलेलं. आणि दादाने पिवळं टोपडं घातलं. बंद त्यालाच बांधायचे होते, त्याला गाठ जमेना, तरी त्याने मला बांधू दिली नाही. रिक्षावाला थांबला होता, काही बोलला नाही."

तिने चहाचा ग्लास बाकड्यावर ठेवला. "तिच्याकडे आहे टोपडं."

"हो."

"मी माळा पण बघितला रे." ती थोडा वेळ समोरच्या बंद शटरकडे बघत राहिली. "मला एकाने तरी सांगायचं. मी शोधायचं थांबवलं असतं." मग म्हणाली, "मीठ घातलं?"

"घातलं. मामांनी आणलं होतं."

"तोंड दिसत होतं?"

"हो. तुझ्यासारखी हनुवटी होती." हे मी कुणालाच बोललो नव्हतो. माझा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त चहा गरम आहे की गार, हे मला दोन घोट घेऊनही समजलं नाही.

"आणि जागा?"

"सांगून कळणार नाही. दाखवायला लागेल."

ती उठली आणि ओढणी सारखी केली. मी रिक्षा थांबवली.

कांदिवलीपर्यंत रिक्षाने बराच वेळ लागला. हायवेवर गाडी अडकली असताना आईचा फोन आला.

"खंय पोचल्यात? जेवणाक काय करू?"

मी वहिनीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"आई, वहिनीला जागा दाखवायला नेतोय," मी म्हणालो.

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला. मी वाट बघत राहिलो. फोन कट झाला का म्हणून मी एकदा स्क्रीनही बघितली.

"थंय पायातलां काढू नको म्हणान सांग तिका," आई म्हणाली. "भिंतीकडे काचो आसतत."

तिने फोन ठेवला. मी वहिनीला निरोप सांगितला. तिथे काचा असतात हे आईला कसं माहीत, हे आम्ही दोघंही एकमेकांना बोललो नाही. वहिनीने रिक्षाच्या दांडीला धरलं होतं, ते स्मशानभूमीच्या फाटकापर्यंत सोडलं नाही.

फाटकावरचा माणूस खुर्चीत बसून भेळ खात होता. "लेडीज आत?" त्याने विचारलं.

"लहान मुलांकडे जायचंय," वहिनी म्हणाली.

त्याने कागद बाजूला ठेवून हात पुसले आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. मला वाट माहीत होती. लाकडांच्या ढिगाऱ्यांवरून वळून गेलं की मागच्या भिंतीलगत मातीची एक पट्टी आहे. कडेला बदामाचं झाड आणि एक नळ. त्या संध्याकाळी मला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी उभ्या उभ्या जागेची खूण धरून ठेवली होती. नळापासून भिंतीतल्या दुसऱ्या खांबाकडे सरळ रेघ, आणि झाडाच्या बुंध्यापासून पलीकडच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे दुसरी. दोन रेघा जिथे छेदतात तिथे.

नळ तिथेच होता. खांबही. पण झाडाची खालची फांदी छाटली होती, आणि पट्टीवर तेव्हा नव्हते असे दोन छोटे उंचवटे दिसत होते. आमचा उंचवटा मात्र राहिला नव्हता, माती बसून सपाट झाली होती. भिंतीकडे खरंच काचा होत्या, कुणीतरी पलीकडून बाटल्या टाकलेल्या. मी नळापाशी उभा राहून खांबाकडे बघितलं. मग झाडापाशी जाऊन टाकीकडे बघितलं. परत नळापाशी आलो. वहिनी माझं चाललेलं बघत होती.

मग मी चालत जाऊन एका ठिकाणी थांबलो आणि बोट दाखवलं. "इथे."

ती आली. तिने जमिनीकडे बघितलं. साधी माती होती, वर बदामाची दोन लाल पानं पडलेली.

"नक्की?"

मला खोटं सांगता आलं असतं. "हातभर इकडे-तिकडे असेल," मी म्हणालो. "त्याहून जास्त नाही."

"चालेल," वहिनी म्हणाली.

ती तशीच उभी राहिली. मागे कुठेतरी दुसऱ्या नळाखालची बादली भरून वाहत होती. मग तिने स्वतःच्या पायांकडे बघितलं, आजूबाजूची हातभर जमीन नजरेने मोजली, आणि अलगद एक पाऊल मागे सरली. तिच्याकडे बघून मीही सरलो.